इमारतीच्या बाह्य आवरणाचा ६० वर्षांचा कार्बन हिशेब: माझा अनुभव

एका कार्यालयीन इमारतीचं बाहेरचं आवरण ठरायचं होतं. पर्याय दोन होते: पूर्ण काचेची कर्टन वॉल (ॲल्युमिनियमच्या चौकटींत बसवलेली काचेची बाह्य भिंत), किंवा ब्लॉकची भिंत, वर गिलावा आणि मध्ये खिडक्या. मालकांना दोन्हींचा कार्बन फूटप्रिंट हवा होता, तोही नुसत्या उभारणीचा नाही, इमारतीच्या आयुष्यभराचा. काम माझ्याकडे आलं.

ईएन १५९७८ या युरोपीय मानकात हे आयुष्य अक्षरांत वाटलेलं आहे. ‘ए’ म्हणजे कच्च्या मालापासून उभारणीपर्यंत, ‘बी’ वापराचा काळ, ‘सी’ पाडकाम आणि विल्हेवाट. कालावधी ६० वर्षांचा धरला आणि वजनं काढायला बसलो. काचेचं सोपं असतं: १ मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे ६ मिमीच्या दोन काचांचं डीजीयू (मध्ये पोकळी ठेवून कडेने सील केलेली दुहेरी काच) चौरस मीटरमागे ३० किलोचं.

चौकटींचं ॲल्युमिनियम वजनाला हलकं, पण कार्बनला भारी. खनिजापासून केलेल्या एका किलोमागे जगाची सरासरी १५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास जाते. तोच धातू जलविद्युतवर काढला तर ४ किलोच्या आसपास. भंगार वितळवून केला तर ऊर्जाच मुळात सुमारे ५ टक्के लागते. त्यामुळे पुरवठादारांना माझा पहिला प्रश्न विजेचा असायचा. कुणी उत्तरादाखल हिरव्या पानाचं चित्र असलेलं माहितीपत्रक पाठवलं. एकाने रीतसर ईपीडी, म्हणजे उत्पादनाच्या पर्यावरणीय परिणामांचा दाखला दिला, पण तो नुसत्या बिलेटचा, म्हणजे धातूच्या ओतीव ठोकळ्याचा निघाला. एक्स्ट्रुजन (ठोकळा साच्यातून दाबून चौकटीची पट्टी काढणं) आणि पावडर कोटिंग त्यात नव्हतंच, ते वेगळं मिळवावं लागलं.

खरी गंमत ‘बी४’मध्ये आहे, म्हणजे बदलीच्या टप्प्यात. डीजीयूच्या कडेचं सील कधी ना कधी हार मानतं, आत ओल शिरते, काच धुरकट होते. आयुष्य साधारण २५ ते ३० वर्षं. २५ धरलं तर २५व्या आणि ५०व्या वर्षी, अशी दोनदा काच बदलायची. ३० धरलं तर एकदाच, कारण ६०व्या वर्षी हिशेबच संपतो. म्हणजे एका रकान्यात ५ वर्षं वाढवली की सगळ्या इमारतीची एक आख्खी काच कागदावरून गायब! विक्रेत्यांचा ओढा अर्थातच ३०कडे. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींतला फरक ठळक केला.

गिलाव्याच्या भिंतीचं दुखणं वेगळं. तिला दर काही वर्षांनी रंग आणि त्यासाठी परांची. हे आकडे एकेकटे लहान, पण ६० वर्षांत बऱ्यापैकी साठतात. तरी ते काचेच्या जवळपासही पोचले नाहीत.

एक वाद बराच चालला. पाडकामानंतर ॲल्युमिनियम भंगारात जाईल, त्याचा फायदा एकूण बेरजेतून वजा करा, असा आग्रह होता. पण मानकाप्रमाणे तो फायदा ‘डी’ या वेगळ्या विभागात, बेरजेबाहेर दाखवायचा असतो. ६० वर्षांनी होणाऱ्या वितळवणीचं श्रेय आजच्या उत्सर्जनातून कापणं मला पटतही नाही. आजचा धूर आजच हवेत जातो.

शेवटी मालकांनी मधला मार्ग घेतला: ब्लॉकची भिंत जास्त, काच कमी. आर्किटेक्टने त्याहून कामाचा एक बदल केला. आधीच्या तपशिलात काच सिलिकोनने चौकटीलाच चिकटवलेली होती, म्हणजे साइटवर काच बदलताना चौकटीलाही हात लागणार. त्याऐवजी आतून काढता येणारी बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) आणि रबरी गास्केट आलं. त्याने चौकटीचा सेक्शन थोडा जड झाला, ‘ए’चा आकडा किंचित वर गेला आणि त्यावर बैठकीत भुवयाही उंचावल्या. मी ‘बी४’ची ओळ दाखवली: चौकट तिथून पूर्ण बाहेर पडली होती, उरली होती फक्त काच आणि रबर.