आजीच्या पैठणीचा मूळ रंग शोधताना

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा आईने एकच हट्ट धरला: आजीच्या पैठणीसारखीच पैठणी तिला विणून घ्यायची. जुनी आता नेसण्याजोगी राहिली नव्हती. घड्यांवर रेशीम चिरलं होतं. म्हणून ती मलमलमध्ये गुंडाळून नाशिकहून ऐंशीएक किलोमीटरवर येवल्याला घेऊन गेलो. विणकर काकांनी पदर उजेडात धरला, हळूच तिरका केला आणि विचारलं, "ताई, कोणता रंग हवा? आत्ताचा की तेव्हाचा?"

पैठणी धूपछाव आहे. ताणा म्हणजे उभे धागे तांबडे, बाणा म्हणजे आडवे धागे निळे, म्हणून अंगावर ती जांभळी दिसते आणि हलली की रंग पालटतो. पण दोन्ही रंग विटले होते आणि सारखे विटले नव्हते. काका म्हणाले, आतला धागा ओढून दिलात तर रंगाऱ्याला दाखवतो. आईने पदर छातीशी धरला. धागा ओढायचा नाही हे तिथेच ठरलं.

मी भौतिकशास्त्र शिकवते. परतीच्या वाटेवर, विंचूर मागे पडलं तेव्हा लक्षात आलं की मूळ रंग अजून त्या कापडातच आहे. घडीवर जिथे बाणा तुटला होता, तिथे त्याखाली इतकी वर्षं झाकलेला ताणा उघडा पडला होता. उजेडाने विटतो तो वरचा भाग. खालचा रंग मिळवायचा, तर सूक्ष्मदर्शकाखाली खोलीसकट रंग टिपायचा.

कॉलेजमधल्या सहकाऱ्यांनी धातू तपासायचा सूक्ष्मदर्शक वापरायला दिला. त्यात उजेड भिंगातूनच वरून पडतो. १० पटीचं भिंग एका वेळी जेमतेम नऊ-दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर स्पष्ट दाखवतं. रेशमाचा एक तंतूच साधारण तेवढा असतो, आणि धाग्यात असे कितीतरी तंतू. म्हणून फोकसची चकती ४ मायक्रॉनने फिरवत एकावर एक ६० फोटो घेतले आणि संगणकावर त्यांतले स्पष्ट भाग जोडले. चित्र देखणं आलं, पण रंग साफ चुकीचा होता.

पहिली चूक सोपी होती. कॅमेरा प्रत्येक फोटोला पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) आपणहून बदलत होता, म्हणजे एकच तांबडा धागा दहाव्या फोटोत वेगळा आणि चाळिसाव्यात वेगळा. ते बंद केलं. पांढऱ्याची खूण म्हणून कागद ठेवला होता, तोही काढला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात निळसर चमकणारी द्रव्यं घालतात, त्यामुळे रंगाच्या मापाला तो विश्वासाचा नाही. रविवार कारंज्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून नळाला गुंडाळायची टेफ्लॉन टेप आणली आणि तिचे जाडसर थर काचपट्टीवर गुंडाळले. इतका प्रामाणिक पांढरा इतक्या स्वस्तात दुसरा मिळणार नाही.

दुसरी अडचण चकाकीची. रेशमाचा तंतू आडव्या छेदात त्रिकोणी असतो, म्हणून तर तो झळकतो, आणि त्या झळाळीखाली रंग धुऊन जातो. दिव्याच्या वाटेत एक ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी चकती, आणि परतीच्या वाटेत त्याला काटकोनात दुसरा लावला. चकाकी गेली, आतला रंग भरून आला आणि जर मात्र काळीठिक्कर पडली! आई शेजारी बसली होती. तिला वाटलं, मी जर जाळली. धातूवरून उजेड परततो तो ध्रुवण, म्हणजे कंपाची दिशा, फारशी न बदलता, म्हणून दुसरा ध्रुवक तो अडवतो, हे मी सांगत होतेच, पण ध्रुवक फिरवून सोनं परत दिसल्यावरच तिच्या जिवात जीव आला.

खरी झुंज तिसरी. खालच्या तांबड्या ताण्यावर फोकस केलं की वरच्या निळ्या बाण्याचा अस्पष्ट उजेड त्यावर सांडतो. तांबडा जांभळा होतो. फोटो कितीही जोडा, हा डाग जात नाही, कारण तो प्रत्येक थरात मिसळलेलाच असतो. कॉन्फोकल नावाचा सूक्ष्मदर्शक असा उजेड सूक्ष्म छिद्राने अडवतो, अमेरिकन शास्त्रज्ञ मार्व्हिन मिन्स्कीने १९५७ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण लेसरवर चालणारं कॉन्फोकल फक्त लेसरच्या ठरावीक रंगांचा प्रतिसाद मोजतं, कापडाचा डोळ्यांना दिसणारा रंग त्यातून थेट मिळत नाही.

मग नील, युश्कायटिस आणि विल्सन या संशोधकांची १९९७ ची रीत धरली. नमुन्यावर बारीक पट्ट्यांची सावली पाडायची, ती दर वेळी दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाने सरकवत तीन फोटो घ्यायचे. पट्ट्या फक्त फोकसमधल्या थरावर रेखीव उमटतात, बाकी उजेड तिन्ही फोटोंत सारखाच असतो. फोटो एकमेकांतून वजा केले की तो सांडलेला उजेड गळून पडतो. पट्ट्या पारदर्शक फिल्मवर छापून घेतल्या. ६० थर, १८० फोटो. मधे दिवा बंद ठेवायचा, कारण संग्रहालयात जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत आणि मी तर त्यावर भिंगाने उजेड एकवटत होते.

तरी कडांना हिरवी-गुलाबी झालर येत होती. दोन आठवडे त्यात गेले. प्रोग्रॅम लाल, हिरवा, निळा यांच्यासाठी स्पष्ट थर वेगवेगळा निवडत होता, म्हणजे एकाच ठिपक्यात लाल एका खोलीवरचा आणि निळा दुसऱ्या. थर फक्त हिरव्यावरून ठरवला आणि तिन्ही रंग त्याच थरातून घेतले. हीच मापं टेफ्लॉनवर घेऊन कापडाच्या मापांना त्या मापांनी भागलं. झालर गेली, आणि तुटक्या बाण्याखाली डाळिंबाच्या दाण्यासारखा तांबडा उघडा झाला.

स्क्रीनवरचा रंग मी काकांना दाखवला नाही, स्क्रीनगणिक तो बदलतो. त्यांच्याकडून रंगवलेल्या रेशमाचे सात तुकडे आणले, त्याच दिव्याखाली, त्याच रीतीने मोजले. निळा पाचव्या तुकड्याशी जुळला. तांबडा दोन तुकड्यांच्या मधला निघाला. रंगाऱ्याने तिसऱ्या खेपेला तो साधला.

ताणा आता मागावर चढला आहे.