चौदा शून्यं

आज कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, ऑफिसातून परतताना फूटपाथवर एक बाई पर्स विकत बसलेली दिसली. लांबून वाटलं रंगीत कागद. वाकून पाहिलं तर घड्या घालून विणलेल्या चक्क नोटा! व्हेनेझुएलाचे बोलिव्हार. अगदी खऱ्या.

माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "यात एकूण किती पैसे असतील?"

ती हसली. "काहीच नाही. म्हणून तर विणते."

१९८३ च्या सुरुवातीपर्यंत डॉलरला ४.३० बोलिव्हार असा भाव होता. जगातला सर्वांत मोठा तेलसाठा जवळ. निर्यातीच्या कमाईत ९० टक्क्यांहून जास्त वाटा तेलाचाच. बाकी बरंच काही आयात. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले, पुढे उत्पादनही घसरलं आणि सरकार नोटा छापत सुटलं. २०१८ ची महागाई, तिथल्याच मध्यवर्ती बँकेच्या आकड्यानुसार, १,३०,००० टक्के! (आपण कांदा ८० रुपये झाला की बोंब मारतो.)

चलनातली शून्यं उडवणं तर आधीपासूनच सुरू होतं. २००८ मध्ये ३, २०१८ मध्ये ५, २०२१ मध्ये ६. मार्च २०२१ ला १० लाखांची नोट काढली, तिची किंमत जेमतेम अर्धा डॉलर.

पर्स घेतली. घासाघीस करायची सवय आहे, आज जीभ रेटली नाही. ज्याच्या नावावरून हे चलन आहे त्या सिमोन बोलिव्हारचा, स्पेनकडून स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या नेत्याचा, पुतळा इथल्या मुख्य चौकात उभा आहे, त्याचा अर्धा चेहरा माझ्या पर्सच्या घडीत गेलाय.

बायको म्हणाली, "छान आहे, सुट्या पैशांना होईल."