पाठीमागे कोणी नसताना

कार्यकर्त्यांच्या शिबिरात माझे बोलून झाले की चहाच्या वेळी कोणीतरी तरुण हमखास जवळ येतो आणि विचारतो, "बाबा आढावांकडून नेतृत्वाविषयी नेमके काय शिकायचे?" त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा या कष्टकऱ्यांच्या नेत्याचे मोर्चे, घोषणा आणि तुरुंग असतात. मी त्याला सांगतो, मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच आहे. सरकारपुढे उभे राहायला धैर्य लागतेच, पण तेव्हा पाठीमागे आपली माणसे असतात. त्याच माणसांकडे तोंड वळवून त्यांना न रुचणारी गोष्ट सांगायची वेळ येते, तेव्हा पाठीमागे कोणी नसते.

आढाव पेशाने डॉक्टर. नाना पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात बाजारातले हमाल दुखणी घेऊन येत. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला औषध देऊन पुन्हा त्याच फळीवर धाडणे हा काही उपचार नव्हे, या जाणिवेतून १९५० च्या दशकात हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी राहिली. पुढे ओझी वाहणाऱ्या कामगारांना संरक्षण देणारा १९६९ चा माथाडी कायदा झाला, १९७४ मध्ये कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण देणारी 'कष्टाची भाकर' सुरू झाली. हे पुण्यात पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून त्यात रेंगाळत नाही.

मला थांबावेसे वाटते ते 'एक गाव, एक पाणवठा' या चळवळीपाशी. १९७२ च्या दुष्काळाचे ते दिवस. विहिरी आटल्या होत्या आणि जिला पाणी होते तिच्यावरही अनेक गावांत दलितांना पोहरा टाकता येत नव्हता. रिकामा हंडा काठापासून लांब ठेवून, कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहावी लागे. आढाव गावोगाव फिरून याचा जाब विचारू लागले. आता ध्यानात घ्या, पुण्याच्या बाजारात ओझी वाहणारे बरेचसे हमाल अशाच दुष्काळी गावांतून पोटासाठी आलेले. ज्यांच्या मजुरीसाठी भांडायचे, त्यांच्याच भाऊबंदांना 'तुमच्या विहिरीवर कोणाला मज्जाव आहे?' असे विचारायचे. निव्वळ संघटना वाढवायची असती, तर हा विषय कोणीही टाळला असता.

मी टाळला होता. तरुणपणी एका लहान कामगार संघटनेचा मी चिटणीस होतो. आमचा एक लोकप्रिय सभासद वर्गणी गोळा करीत असे. त्याने परत केलेल्या पावतीपुस्तकातल्या ४१ ते ६० क्रमांकांच्या पावत्या फाडलेल्या होत्या, स्थळप्रती मात्र कोऱ्या होत्या. बैठकीत एका सफाई कामगार बाईंनी हिशेब विचारला, तेव्हा पुस्तक माझ्या पिशवीत असूनही "पुढच्या बैठकीत पाहू" असे म्हणून मी विषय गुंडाळला. त्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकावर व्यवस्थापनाविरुद्ध बोलून मी टाळ्या मिळवल्या होत्या. त्या बाई पुन्हा बैठकीला आल्या नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निकालानंतर, चौऱ्याण्णव वर्षांचे आढाव गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्यात तीन दिवसांच्या आत्मक्लेश उपोषणाला बसले. निवडणुकीतला पैशाचा वापर आणि मतदानयंत्रे हे त्यांचे मुद्दे होते. यंत्रांविषयीची त्यांची शंका मला पूर्णपणे पटली नाही, आणि हे मी त्यांच्याविषयीच्या आदरापोटी लपवीत नाही. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे नेते तिथे येऊन गेले. पण मला अधिक जाणवला तो 'आत्मक्लेश' हा शब्द. त्या वयात दुसऱ्यावर दोष टाकून घरी बसणे सोपे होते. त्यांनी क्लेश स्वतःच्या देहाला दिले.

हे ऐकून शिबिरातला तरुण विचारतो, "मग आम्ही सुरुवात कुठून करायची?" मी त्याला विचारतो, "तुमच्या संघटनेचे पावतीपुस्तक कोणाकडे असते?"