हप्ता थकलेला आणि तरी दुसऱ्याला कर्ज

मागच्या गुरुवारी सातपूरला कंपनीबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो, माझा एक सहकारी जाम वैतागलेला होता. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, हे बघ, ४० जणांना दोन-दोन हजार दिलेत, त्यातले सहा जण लेट, लोकांना घेताना गोड लागतं आणि द्यायची वेळ आली की जिवावर येतं. पी टू पी लेंडिंगचं अ‍ॅप होतं, म्हणजे बँक मध्ये नाही, आपल्यासारख्यांनीच आपल्यासारख्यांना कर्ज द्यायचं. मी ती यादी बघत होतो तेवढ्यात त्याचं बोट बाजूच्या टॅबवर लागलं आणि त्याचं स्वतःचं कर्ज उघडलं. ४,९९२ रुपयांचा हप्ता, लाल अक्षरात, १७ दिवस ओव्हरड्यू. त्याने पटकन स्क्रीन बंद केली, मीही तेव्हा काही बोललो नाही.

पण डोक्यातून जाईना. मी पण त्या अ‍ॅपवर थोडे पैसे लावलेत म्हणून घरी जाऊन माझी यादी तपासली, त्यात तो नव्हता. माझे पैसे त्याच्याकडे नव्हते पण कोणाचे तरी होतेच ना.

शनिवारी त्याच्या घरी गेलो आणि सरळ विचारलं. त्याने सगळं मोकळेपणाने सांगितलं. १ लाखाचं कर्ज १८ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतलं, २० हजार घरच्या कामाला गेले आणि उरलेले ८० हजार त्याच अ‍ॅपवर २६ टक्क्यांनी लोकांना दिले. मधले ८ टक्के आपले, असा हिशोब. पण ८० हजारांवर ८ टक्के म्हणजे वर्षाला फार तर ६,४०० रुपये, आणि दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं त्यामुळे खरं तर त्याहून बरेच कमी. ४० पैकी चारच जणांनी सुरुवातीलाच हात वर केले की ८ हजार गेले, संपला सगळा फायदा. २६ टक्के देऊन कर्ज घेणारा माणूस अडचणीतला असतो म्हणूनच तेवढं व्याज द्यायला तयार होतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

मग म्हणाला, अरे माझे सहा जण देतील तेव्हा मी भरीन. इथे मला खरंच राग आला. आम्ही वहीत मांडलं. २ हजारांच्या कर्जाचा हप्ता साधारण १०८ रुपये, म्हणजे सहा जणांचे मिळून महिन्याला जेमतेम साडेसहाशे अडकलेले. बाकीच्या ३४ जणांनी वेळेवर भरले होते, साडेतीन हजारांच्या वर आले होते! ते गेले कुठे? दोन हजार त्याने आणखी एका नव्या माणसाला दिले आणि उरलेले घरात खर्च झाले. स्वतःचा हप्ता चुकल्यानंतर आठव्या दिवशी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने देणाऱ्याने प्रत्येक कर्जदाराला स्वतः मंजुरी दिल्याशिवाय पैसे जात नाहीत, म्हणजे त्याने स्वतःच्या अंगठ्याने ओके दाबलं होतं. याची टोपी त्याला.

तो वाईट माणूस नाही, माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी घेऊन आलेला माणूस आहे. पण अ‍ॅपवर समोरचा दिसत नाही ना, त्याला वाटतं आपण 'कंपनीचे' पैसे थकवलेत. कंपनीचे नाहीतच ते! २०१७ च्या नियमांपासूनच प्लॅटफॉर्म हा फक्त मधला माणूस आहे, स्वतःचे पैसे देऊ शकत नाही, करार थेट देणारा आणि घेणारा यांच्यात. एक जण एका कर्जदाराला ५० हजारांच्या वर देऊ शकत नाही, त्यामुळे १ लाखाच्या मागे किमान दोघांचे, बहुतेकदा कितीतरी जणांचे छोटे छोटे पैसे असतात. आणि ऑगस्ट २०२४ पासून तर अगदी स्पष्ट आहे की बुडाले तर पूर्ण नुकसान देणाऱ्याचं, प्लॅटफॉर्मने भरून द्यायचं नाही, मधेच पैसे काढून घ्यायची सोय पण द्यायची नाही. म्हणजे याचा हप्ता थकला की तिकडे कोणीतरी निवृत्त काका किंवा माझ्यासारखा नोकरदार वाट बघत बसतो, आणि त्याने पण स्वतःचा हप्ता याच पैशांवर लावला असेल तर?

आमच्या आईची १२ बायकांची भिशी आहे, दर महिन्याच्या १० तारखेला, शंभर पानी वहीत नावापुढे बरोबरची खूण करतात. ज्या बाईने भिशी उचलली तिने पुढचे हप्ते सगळ्यात आधी आणून द्यायचे, असा तिथे रिवाज आहे. कारण तिला मिळालेत, बाकीच्यांना मिळायचेत. इतकं साधं आहे.

मला प्लॅटफॉर्मवाल्यांकडून एकच हवंय. त्यांना दोन्ही बाजू दिसतात. ज्याचा हप्ता थकलाय त्याला तो भरेपर्यंत त्याच खात्यातून नवीन कर्ज देऊ देऊ नका. बाकी सिबिलसारख्या कर्जमाहिती कंपन्यांना रिपोर्ट जातोच, थकवणाऱ्याचा क्रेडिट स्कोअर पडायचा तो पडेल, पण ज्याचे पैसे अडकलेत त्याला दुसऱ्याच्या स्कोअरचं काय करायचंय.

सहकाऱ्याने शनिवारी रात्रीच हप्ता भरला, दंडासकट, बायकोकडून हजार घेऊन. नवीन कोणाला देणं बंद केलंय, येतील ते पैसे आधी हप्त्याला. पुढचा हप्ता ५ तारखेला आहे, ४ ला मला आठवण कर म्हणालाय. त्याच्या सहापैकी दोघांनी भरले, चौघांचे अजून लालच आहेत.