तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फात चालायला गाईड कशाला?

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की वांगी काड्यांवर टाकेपर्यंत कोणीतरी विचारतंच, भो, तू गुलमर्गला जाऊन बर्फात चालतो ते ठीक, पण नुसतं चालायला गाईडला पैसे कशाला देतो?

तिथे बर्फात चालायला पायात स्नोशू बांधतात, आधी ते काय ते सांगतो. पावसाळ्यात केळीच्या बागेत काळ्या मातीत पाय पोटरीपर्यंत जातो आणि फळी टाकली की त्याच चिखलावरून आपण निघून जातो, तेच गणित. वजन पसरतं म्हणून पाय कमी रुततो. अॅल्युमिनियमची चौकट, खाली लोखंडी दात, पंजा पट्ट्यांनी बांधलेला आणि टाच मोकळी. पाय जरा फाकवून टाकायचे आणि मागे अजिबात सरकायचं नाही, स्नोशूची शेपटी बर्फात घुसते आणि माणूस आडवा होतो. हे अर्ध्या तासात जमतं, त्याला गाईड लागत नाही हे खरंय.

पण गुलमर्ग आहे सुमारे २६५० मीटरवर, आणि तिथे बर्फाखाली काय आहे ते आपल्याला दिसतच नाही. मी एका मोठ्या फरच्या झाडाला टेकायला निघालो तर गाईडनं हात आडवा केला आणि आपली काठी खोडाजवळ खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली, खाली काहीच नाही! खालच्या फांद्या छत्रीसारखं बर्फ अडवतात, म्हणून खोडाभोवती भुसभुशीत खड्डा राहतो आणि वरून सगळं सपाट दिसतं. मला एकदम आमच्या शेतातली बिनकठड्याची पडकी विहीर आठवली, पावसाळ्यात गवतानं झाकली जायची, आणि बाबा दर वेळी हाताला धरून बांधाच्या डाव्या अंगानं न्यायचे.

दुसऱ्या दिवशी रात्रभर बर्फ पडून ऊन पडलेलं, मला वर जायचं होतं, गाईड म्हणाला, आज नाही. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ताजं बर्फ माणसाच्या वजनानंही सुटून खाली कोसळू शकतं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग खालच्या जंगलातच फिरलो, तर त्यानं खाली बसून कोल्ह्याची पावलं दाखवली, एकापुढे एक, दोरी धरून टाकल्यासारखी सरळ. मी एकटा असतो तर त्यांच्यावरूनच गेलो असतो.