डाएटिक्सच्या पदवीत काय बघायचं?

डाएटिक्सच्या, म्हणजे आहारशास्त्राच्या, पदवीत काय बघायचं असं तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुधा आईवडिलांकडून: ‘मुलीला डाएटिशियन व्हायचंय. तीन वर्षं बीएस्सी, दोन वर्षं एमएस्सी, वर इंटर्नशिप. डाएट चार्टच करायचा ना? मग तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स का नको?’

कारण चार्ट हे या कामाचं शेवटचं पान आहे. आधीची पानं पदवीत शिकवतात. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो.

साठ किलो वजनाचा मधुमेही माणूस. किडनीचं काम मंदावलंय, पण डायलिसिस अजून सुरू नाही. अशा रुग्णाला प्रथिनं किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३६ ते ४८ ग्रॅम. ऊर्जा किलोमागे ३० किलोकॅलरी धरली तर १८००. इथवर गुणाकार आहे, तो मोबाइलही करतो. आता ताट मांडा. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या तीन भाकऱ्या: १५ ग्रॅम प्रथिनं, ५०० किलोकॅलरी. साठ ग्रॅम तांदूळ, तीस ग्रॅम तूरडाळ, एक पेला गाईचं दूध, तीनशे ग्रॅम भाज्या. बेरीज केली की प्रथिनं ३८ ग्रॅमच्या आसपास जातात आणि ऊर्जा जेमतेम १०५०. सहा चमचे तेल धरलं तरी १३२०. म्हणजे प्रथिनांचा कोटा भरत आला आणि पावणेपाचशे किलोकॅलरी कुठून आणायच्या ते ठरायचंच आहे.

नवखा विद्यार्थी इथेच थांबतो. ‘प्रथिनं बसली’ म्हणून कागद रुग्णाच्या हाती देतो. ऊर्जा कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, रक्तात युरिया (प्रथिनांतून उरणारा, मंद किडनीला बाहेर टाकायला जड जाणारा कचरा) वाढतो आणि वजन उतरतं. ज्यासाठी प्रथिनं कमी केली तेच फसतं. मग प्रथिनं जवळजवळ नसलेली ऊर्जा शोधायची: पन्नास ग्रॅम साबुदाणा, आणखी तीन चमचे तेल-तूप, थोडा भात. आकडा १७४० च्या आसपास येतो. पण रुग्ण मधुमेही आहे, साबुदाण्याने साखर चढणार. तो दिवसभरात विभागून द्यावा लागतो आणि औषधाचा डोस बघायला डॉक्टरांना सांगावं लागतं. शिवाय साबुदाण्याची खिचडी म्हटली की दाण्याचं कूट आलंच. पंचवीस ग्रॅम कुटात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, मंद किडनीला न झेपणारं पोटॅशियम वेगळं. कागदावर ‘साबुदाणा खिचडी’ एवढंच लिहिलं, तर घरी कूट पडणारच.

रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल तर भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं. ‘लो सोडियम’ म्हणून विकलं जाणारं मीठ अशा रुग्णाला चालत नाही, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. सगळ्यात घातक चूक पुढे होते. डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांची गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जाते, म्हणजे याच माणसाला ६० ते ७२ ग्रॅम, आणि फ्रिजवर मात्र जुनाच कागद चिकटवलेला असतो. तो काढून नवा देणारं कुणी नसेल तर रुग्ण डायलिसिसही करून घेतो आणि उपाशीही राहतो.

हे सगळं सुचायला मागे बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी लागते. अन्नाची लॅब तर लागतेच, आणि तिला पालक ‘स्वयंपाकाचा तास’ समजून हसतात. तिथे कच्चं वजन, शिजलेलं वजन आणि वाटीचं माप असं तिन्ही मोजून वहीत लिहायचं असतं. वरणाच्या एकाच वाटीत घरागणिक १५ पासून ३० ग्रॅमपर्यंत डाळ असते, म्हणून ‘एक वाटी वरण’ हे अर्धंच उत्तर. आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतून घ्यायचे. त्यात ५२८ पदार्थ आहेत. ऊर्जा मात्र तिथे किलोज्यूलमध्ये छापली आहे. ज्वारीसमोर १४०० च्या आसपासचा आकडा दिसतो, त्याला ४.१८४ ने भागलं की ३३४ किलोकॅलरी येतात. दर वर्षी कुणीतरी न भागताच बेरीज करतं.

गरजा ठरवतानाही असाच एक खड्डा आहे. त्याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत प्रथिनांचे दोन आकडे आहेत: किलोमागे ०.६६ ही सरासरी गरज आणि ०.८३ ही शिफारस. पहिल्याने निम्म्या निरोगी लोकांचं भागतं, दुसऱ्याने जवळजवळ सगळ्यांचं. एका व्यक्तीचं ताट आखताना दुसरा, लोकसमूहाचा आहार तपासताना पहिला. आणि दोन्ही निरोगी माणसांसाठी; भाजलेल्या किंवा आयसीयूतल्या रुग्णाला ते लावायचे नसतात.

रुग्णाशी बोलणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग. ‘काल काय खाल्लं’ विचारलं की चहातली साखर, संध्याकाळचा चिवडा आणि फोडणी कुणालाच आठवत नाही. तेलाचं थेट विचारूच नये. महिन्याला किती आणता आणि जेवणारी माणसं किती, ते विचारावं. पाच लिटरचा कॅन चौघांत महिनाभर पुरला तर माणशी रोज ३८ ग्रॅम होतं. त्यानंतर पोषणाचं निदान लिहायचं, तीन तुकड्यांत: समस्या, कारण, पुरावा. ‘किडनीचा आजार’ हे डॉक्टरांचं निदान झालं. आपलं असं: ऊर्जेचं सेवन अपुरं, कारण, प्रथिनांच्या धास्तीने जेवणच कमी केलं, पुरावा, रोजचं खाणं ९०० किलोकॅलरी आणि तीन महिन्यांत वजन ६४ वरून ५९. असं लिहिलं की उपाय काय आणि पंधरा दिवसांनी काय तपासायचं, हे त्या ओळीतच आलेलं असतं.

वॉर्डात चुकीला जागा नसते. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला दया येऊन पहिल्याच दिवशी पूर्ण आहार दिला, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदय बंद पडू शकतं. फारच धोक्यातल्या रुग्णाला किलोमागे ५ ते १० किलोकॅलरींपासून, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन, रक्ततपासण्या बघत वर चढायचं असतं. आमच्या मते तीन महिन्यांच्या कोर्सचा प्रश्न इथेच निकालात निघतो. हे व्हिडिओ बघून येत नाही, शेजारी उभं राहून चूक पकडणारं कुणी लागतं.

म्हणून पदवीचा दर्जा तासांवरून जोखा. आहारतज्ज्ञ संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचे किमान ५०० तास सांगितले आहेत. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ते १००० आहेत. आपल्याकडे इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षेसाठी रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. आठवड्याला ४० तास धरले तर तेही हजारावरच जातं. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघांनाही आपल्या यादीत घेतलंय, आणि त्या कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३६०० तास आहेत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून तर विद्यापीठ अनुदान आयोगाने क्लिनिकल न्यूट्रिशन व डाएटिक्सचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायलाच मनाई केली.

माहितीपुस्तिकेतली उद्दिष्टंही वाचा, पण संशयाने. ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ हे कुठल्याही कॉलेजच्या कुठल्याही पुस्तिकेत चालेल. ‘विद्यार्थी नळीने द्यायच्या आहाराचं प्रमाण, वेग आणि पाणी ठरवू शकेल’ हे तपासता येतं. अमेरिकेत डाएटिक्सच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना उद्दिष्टांसोबत मोजमापही लिहावं लागतं: पहिल्या प्रयत्नानंतर वर्षभरात किमान ८० टक्के विद्यार्थी नोंदणी परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवेत. आपल्याकडे प्रवेशाच्या दिवशी हा आकडा स्वतःच विचारावा लागतो. त्यासोबत रुग्णालयाशी लेखी करार आहे का, एका डाएटिशियनमागे किती इंटर्न असतात आणि लॉगबुकवर (इंटर्नच्या कामाच्या नोंदवहीवर) सही कोण करतं, हेही विचारा. सहापैकी चार महिने किचनच्या ट्रेवर लेबलं चिकटवण्यात गेले तर ती इंटर्नशिप नावापुरतीच. किचन शिकायला हवंच (वाढेपर्यंत गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवणं हेही डाएटिशियनच बघते), पण किडनी, मधुमेह, बालरोग, आयसीयू आणि ओपीडी इथे आळीपाळीने नेमणूक झालीच पाहिजे.

परदेशाचा विचार असेल तर अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणी परीक्षेला बसायलाही पदव्युत्तर पदवी लागते. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला डाएटिशियन म्हणवणं हाच गुन्हा. दोन्हीकडे इथल्या शिक्षणाची तासागणिक छाननी होते, तेव्हा गुणपत्रिकेवर भागत नाही. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास, इंटर्नशिपची विभागवार नोंद, हे सगळं सहीशिक्क्यासह निकाल लागताच घेऊन ठेवा. चार-पाच वर्षांनी मागायला गेलात तर विभागप्रमुख बदललेले असतात आणि अभ्यासक्रमही.