आजीचं साल कसं काढावं

सोलापूर, १२ जानेवारी

आज हुतात्मा दिन. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. शहरात मार्शल लॉ लागला तो त्याआधी, मे १९३० मध्ये. आज नव्वदीत असलेल्या कितीतरी आज्या ते दिवस डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगतात. पण त्यांचा जन्मच १९३५ च्या आसपासचा. ते आईकडून ऐकलेलं असतं. आजीच्या आठवणी लिहून घेताना ते खोडायचं नाही; वहीत ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’ अशी दोन खाती करायची. घराघरांत ती दहशत किती वर्षं बोलली जात होती, हे दुसऱ्याच खात्यातून कळतं.

‘स्वातंत्र्य मिळालं तेव्हा कुठं होतीस?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘घरीच की!’ त्यापेक्षा हाताखालून गेलेल्या वस्तूंबद्दल विचारावं. लग्न झालं तेव्हा नवे पैसे आले होते का? ते १ एप्रिल १९५७ ला आले. पण आणेही पुढं काही वर्षं चालले, म्हणून नुसतं ‘आणे होते’ एवढ्यावर साल ठरवू नये. मिलो खाल्ला तेव्हा कडेवर कोण होतं? १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती लाल ज्वारी कुणी विसरलेलं नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना सोबत नेलेलं पोर रांगत होतं की चालत होतं, यावरून त्याचं जन्मसाल एखाद्या वर्षाच्या फरकानं निघतं, आणि त्याच्या पुढच्या-मागच्या भावंडांचंही.

महिन्यासाठी आपला गड्डा सगळ्यांत भरवशाचा. सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीला धरून, म्हणजे जानेवारीच्या मध्यातच. आषाढी तिथीवर चालते, त्यामुळं जूनअखेर ते जुलैअखेर कुठंही सरकते. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला तर तो जन्मदिवस धरू नका. पोराचं वय पहिलीत बसावं म्हणून गुरुजींनी लिहिलेली ती तारीख असते. कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली नोंद जास्त खरी, पण जुनी पानं मोडी लिपीत असतात. वाचणारा माणूस गाठावा लागतो.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो माहेराला. सासर सोलापुरात आणि माहेर तुळजापूरकडं असेल, तर अंतर जेमतेम ४५ किलोमीटर, पण मध्ये निजामाच्या हैदराबाद राज्याची हद्द होती. इथं १५ ऑगस्ट १९४७ ला झेंडा लागला. तिकडं निजामाचा अंमल १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला. रझाकारांच्या भीतीनं तिकडची कुटुंबं सोलापुरात येऊन राहिली. नाणंसुद्धा वेगळं, निजामाच्या हाली शिक्क्याचं. म्हणून अशा आजीला सरळ विचारावं: इकडं आलात तेव्हा सोबत काय घेतलं होतं, आणि माघारी कोण कोण गेलं?